पाच शिळा, सात माणसं: परत न आलेल्या बॉम्बर विमानाचा शोध

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नेदरलँड्समध्ये तुम्ही राहता त्या गावच्या दफनभूमीत ब्रिटिश पद्धतीच्या पाच पांढऱ्या शिळा आहेत. सगळ्यांवर १९४३ची एकच तारीख. तीन शिळा एकमेकींना चिकटून उभ्या आहेत, एकीवर नावच नाही. शेजारच्या फलकावर फक्त वैमानिकाचं नाव आहे. ४ मेच्या स्मृतिदिनाला मुलीच्या शाळेनं तुम्हाला चार शब्द बोलायला सांगितलं आहे. त्या वैमानिकाबद्दल माहिती कुठून मिळवायची आणि मराठी माणसानं या प्रसंगी नेमकं काय बोलायचं, हे तुम्हाला हवं आहे.

मी बरीच वर्षं या विमानांच्या नोंदी वाचतो, कुटुंबांना कागद शोधून देतो. माझं पहिलं सांगणं असं, की एकट्या वैमानिकाचा शोध घेऊ नका. सातही जणांचा घ्या.

स्टर्लिंग, हॅलिफॅक्स किंवा लँकेस्टर, रात्री जर्मनीवर जाणाऱ्या या चार इंजिनांच्या विमानांत बहुधा सात जण असत. वैमानिक, त्याच्या शेजारी इंजिनं आणि इंधन सांभाळणारा फ्लाइट इंजिनिअर, पडद्याआड छोट्या दिव्याखाली नकाशावर वाकलेला नॅव्हिगेटर, वायरलेस ऑपरेटर, नाकात पोटावर पडून नेम धरणारा बॉम्ब एमर, वरच्या बुरुजातला गनर आणि अगदी शेपटीत, बाकीच्यांपासून तुटलेला रिअर गनर. हा शेवटचा माणूस सहा-आठ तास कडाक्याच्या थंडीत उलट्या दिशेनं तोंड करून बसायचा. यांतल्या बहुतेकांना कोणी हुकुमानं एकत्र बांधलेलं नसे. प्रशिक्षण तळावर सगळ्यांना एका हँगरमध्ये सोडून देत आणि ज्यानं त्यानं आपापला क्रू जमवायचा. बोलण्यावरून, चेहऱ्यावरून किंवा एकाच गावचा निघाला म्हणून. मग तीस मोहिमांची एक टूर पुरी होईपर्यंत हीच माणसं एकत्र उडायची, एकत्र जेवायची, एकाच गुत्त्यात बसायची.

विमानाचा कप्तान मात्र वैमानिकच. तो साधा सार्जंट असला आणि नॅव्हिगेटर हुद्द्यानं वरचा अधिकारी असला, तरी हवेत शब्द वैमानिकाचा. म्हणून कागदोपत्री अख्खा क्रू त्याच्या नावानं ओळखला जातो आणि पुढे गावातल्या फलकावर तेवढं एकच नाव उरतं. तुमच्या गावात बहुधा हेच झालंय. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो, पण बाकी सहा जणांनाही आई-बाप होतेच.

आता त्या शिळांकडे वळू. त्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे राष्ट्रकुल देशांच्या युद्धमृतांच्या कबरी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, आहेत आणि त्यांवरची प्रत्येक ओळ कामाची असते. वर हवाई दलाचं चिन्ह असतं. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची चिन्हं वेगवेगळी, त्यामुळे माणूस कुठल्या दलाचा ते तिथेच कळतं. मग सर्व्हिस नंबर, हुद्दा, नाव, काम, तारीख आणि वय. तळाशी कधीकधी कुटुंबानं निवडलेली एखादी ओळ. सर्व्हिस नंबर नीट उतरवून घ्या. एका नावाचे चार जण भेटतील, एका नंबरचा एकच. तारखेबद्दल मात्र सावध राहा. विमान संध्याकाळी उडायचं आणि मध्यरात्रीनंतर पडायचं, त्यामुळे शिळेवर दुसऱ्या दिवसाची तारीख असू शकते. १७ मे लिहिलं असेल तर मोहीम १६-१७ मेच्या रात्रीची समजा आणि दोन्ही तारखांना शोधा.

चिकटून उभ्या असलेल्या शिळांचा अर्थ बहुतेक वेळा असा, की त्या माणसांचे अवशेष वेगळे करता आले नाहीत आणि ते एकत्र पुरले गेले. विमान जळत जमिनीवर आदळलं की काय होतं, हे शाळेतल्या मुलांना सांगायची गरज नाही. तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहितो. ब्रिटिश हवाई दलाच्या ओळखीच्या चकत्या दाबलेल्या फायबरच्या असत आणि आगीत जळून जात. त्यामुळे पुढे ओळख पटवायची ती कॉलरवरच्या धोब्याच्या खुणेवरून, बुटाच्या मापावरून, दातांवरून. बिननावाच्या शिळेवर फक्त 'देवालाच ठाऊक' अशा अर्थाची ओळ असते. तो माणूस तुमच्याच विमानातला होता की समुद्रानं किंवा नदीनं दुसरीकडून आणून टाकलेला, हे नुसत्या शिळेवरून ठरत नाही.

नावाच्या शिळा चार आणि क्रू सात जणांचा असेल, तर उरलेले तिघं कुठे? एक कदाचित त्या बिननावाच्या शिळेखाली असेल. बाकीच्यांबाबत तीन शक्यता आहेत. पहिली, ते पॅराशूटनं उतरले आणि वाचले. काही युद्धकैदी झाले, काही जणांना डच आणि बेल्जियन माणसांनी लपवून कॉमेट लाइनसारख्या गुप्त साखळ्यांतून स्पेनपर्यंत पोचवलं. दुसरी, त्यांचा देह दुसरीकडे सापडला आणि तिथेच पुरला गेला. तिसरी, ते सापडलेच नाहीत. अशांची नावं इंग्लंडमध्ये रनीमीडच्या स्मारकावर कोरलेली आहेत. टेम्सकाठच्या टेकडीवरचं हे स्मारक १९५३मध्ये खुलं झालं. तिथे वीस हजारांहून अधिक नावं आहेत, आणि यातल्या एकाचंही थडगं कुठे आहे ते माहीत नाही.

एकाच विमानाचे लोक कसे विखुरतात, त्याचं एक उदाहरण तुमच्याच देशातलं आहे. मे १९४३मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या ६१७ स्क्वाड्रननं जर्मनीतल्या धरणांवर हल्ला केला. १९ लँकेस्टर गेली, त्यांत १३३ जण होते. ८ विमानं परतली नाहीत, ५३ जण मारले गेले, तिघं कैदी झाले. व्हर्नन बायर्स या कॅनेडियन वैमानिकाचं विमान डच किनाऱ्यावरच तोफांना सापडलं आणि वाडन समुद्रात पडलं. सात जणांपैकी फक्त रिअर गनर जेम्स मॅकडॉवेलचा देह हाती लागला. तो हार्लिंगनच्या दफनभूमीत आहे. बायर्स आणि बाकी पाच जणांची नावं रनीमीडच्या भिंतीवर. हार्लिंगनला गेलेल्या माणसाला एकच थडगं दिसतं, पण त्यामागे सहा माणसं उभी आहेत.

त्याच रात्रीचं दुसरं विमान जॉन हॉपगुडचं. हा २१ वर्षांचा होता. त्यांतल्या म्योने या धरणापर्यंत पोचण्याआधीच विमानाला मार बसला होता, क्रूमधले काही जखमी झाले होते. धरणावर झेप घेताना पुन्हा गोळे लागले, आग लागली. बॉम्ब उशिरा सुटला आणि भिंतीवरून उडून पलीकडच्या वीजघरावर पडला. हॉपगुडनं जळतं विमान जमेल तेवढं वर ओढलं, मागच्यांना उडी मारण्यापुरती उंची मिळावी म्हणून. शेपटीतल्या टोनी बर्चरनं वायरलेस ऑपरेटर जॉन मिन्चिनला, ज्याचा पाय निकामी झाला होता, दारातून बाहेर ढकललं आणि ढकलताना त्याच्या पॅराशूटची दोरी ओढून दिली. मिन्चिन वाचला नाही. बर्चर आणि बॉम्ब एमर जॉन फ्रेझर वाचले आणि कैदी झाले. हॉपगुड शेवटपर्यंत सुकाणू धरून होता हे आपल्याला कळतं ते या दोघांमुळे. सगळे गेले असते तर विमान पडलं एवढंच कळलं असतं.

हे मुद्दाम सांगतोय. ज्या विमानातून कोणीच वाचला नाही, त्याच्या शेवटच्या पाच मिनिटांबद्दल कोणालाही काही माहीत नसतं. तरी गावोगावी एक कथा असते: वैमानिकानं शाळा वाचवली, चर्च वाचवलं, विमान मुद्दाम शेताकडे वळवलं. कधी ते खरंही असेल. पण सुकाणूच्या तारा तुटलेलं, जळतं विमान कुठे वळतं हे बऱ्याचदा कोणाच्या हातात नसतं. ही कथा तुमच्या गावातही असेल तर ती 'गावात असं सांगतात' म्हणूनच सांगा. त्या वैमानिकाचं मोठेपण त्यावर अवलंबून नाही. बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर विभागाचे, सगळे हवाई सैनिक स्वेच्छेनं आलेले होते. सुमारे सव्वा लाख उडाले, ५५,५७३ मेले. आपली पाळी येण्याची शक्यता किती, हे त्यांना तळावरच्या रिकाम्या खाटा मोजून कळत होतं, आणि तरी ते दुसऱ्या रात्री विमानात चढले.

आता कागद. पहिला थांबा कमिशनचं संकेतस्थळ. दफनभूमीचं नाव आणि तारीख घातली की नाव असलेल्या चारही जणांच्या नोंदी मिळतील. अनेकदा त्यात आई-वडिलांची नावं आणि गाव असतं, आणि स्क्वाड्रनही. दुसरा थांबा लिंकनच्या इंटरनॅशनल बॉम्बर कमांड सेंटरची मृतांची सूची. ती विमानानुसार जोडलेली आहे, त्यामुळे बाकीच्या तिघांचा पत्ता बहुधा इथेच लागेल. तिसरं, तुमच्या देशात डच अभ्यासकांनी केलेलं नेदरलँड्समधल्या विमान-अपघातांचं मोठं नोंदपुस्तक आहे, गावानुसार आणि तारखेनुसार.

आणि मग लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातली स्क्वाड्रनची रोजनिशी, एअर २७ या मालिकेतली. तिचे दोन भाग. एकात त्या दिवशीचा गोषवारा, दुसऱ्यात प्रत्येक विमानाची ओळ: विमानाचा क्रमांक, सातही नावं, उड्डाणाची वेळ, उतरण्याची वेळ, आणि परतल्यावर क्रूनं सांगितलेला वृत्तांत. बाकी विमानांसमोर तीन-चार ओळींचा मजकूर असतो: ढग किती, लक्ष्य दिसलं का, आग कुठे लागली. तुमच्या विमानासमोर उतरण्याच्या वेळेचा रकाना कोरा असेल आणि पुढे एवढंच असेल, की उड्डाणानंतर काही कळलं नाही. ते पान पाहिलं की आधीच्या दोन महिन्यांची पानंही पाहा. हा क्रू कितव्या मोहिमेवर होता, नेहमीचा गनर त्या रात्री होता का, की कोणाच्या जागी ऐनवेळी दुसरा आला होता, हे तिथे कळतं. कधी नवखा वैमानिक अनुभव घ्यायला आठवा म्हणून बरोबर असतो.

क्रूमध्ये ऑस्ट्रेलियन किंवा कॅनेडियन असेल तर नशीब समजा. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अशा बेपत्तांच्या फायली घरबसल्या वाचता येतात, कॅनडानंही युद्धात मेलेल्यांच्या सेवा-फायली खुल्या केल्या आहेत. या फायली जाड असतात. तार, सहा महिन्यांनी मृत गृहीत धरल्याचं पत्र, मागे राहिलेल्या सामानाची यादी, त्यात मोजे, दाढीचं सामान, पत्रांचा गठ्ठा, सायकल. आणि घरच्यांची पत्रं. मुलाचं काही सामान मिळालं का, तो कुठे पुरला आहे, थडग्याचा फोटो मिळेल का. या फायली घाईत वाचू नका.

युद्धानंतर ब्रिटिश हवाई दलानं बेपत्तांच्या शोधासाठी खास पथकं नेमली होती. सुमारे ४२ हजार माणसं बेपत्ता होती. या पथकांनी युरोपभर गावोगाव फिरून पाद्री, पोलीस, कबरी खोदणारे यांना गाठलं, थडगी उघडली, आणि निम्म्याहून जास्त जणांची ठिकाणं निश्चित केली. त्यांचे अहवाल फायलीत असतील तर शिळा का चिकटून आहेत आणि एकीवर नाव का नाही, याचं उत्तर तिथेच असेल. तुमच्या नगरपालिकेच्या जुन्या दप्तरातही विचारा. दफनाची नोंद तिथे असायला हवी, आणि ती ब्रिटिश कागदांपेक्षा जुनी, प्रसंगाच्या जवळची असते.

एका कागदावर विसंबू नका, हे मात्र पक्कं धरा. २००८मध्ये मार्करमेर तलावात एका बोटीच्या नांगराला विमानाचा तुकडा लागला. आधी ते बीके७१० या क्रमांकाचं स्टर्लिंग असावं असं वाटलं होतं. पुढे अवशेषांत सापडलेल्या सिगारेट-केसवरच्या आद्याक्षरांनी शोध बीके७१६कडे वळवला. २१८ स्क्वाड्रनचं हे विमान मार्च १९४३च्या अखेरीस बर्लिनहून परतताना नाहीसं झालं होतं. २०२०मध्ये ते तलावातून काढलं. वैमानिक हॅरिस, आणि त्याच्याबरोबर फॅरिंग्टन, कॅम्पबेल, बेल, मॅकॉ, केनेडी आणि श्रबसॉल. आज आल्मेरला त्यांचं स्मारक आहे. तुम्हाला जाता येईल तर मुलीला घेऊन जाऊन या.

बेल्जियममध्ये १९९७ साली असंच एक हॅलिफॅक्स चिखलातून काढलं. मे १९४४मध्ये पडलेल्या आठ जणांपैकी पाच जण तेव्हाच पुरले गेले होते, तिघं विमानातच राहिले होते. त्रेपन्न वर्षांनी त्यांना आपल्या सोबत्यांशेजारी जागा मिळाली. त्या विमानाचं ॲल्युमिनियम लंडनच्या ग्रीन पार्कमधल्या बॉम्बर कमांड स्मारकाच्या छतात वापरलं आहे. त्या स्मारकातल्या पुतळ्यांची संख्या सात आहे. वैमानिक त्या सातांतला एक.

दोन गोष्टी नाजूक आहेत. कोणत्या जर्मन वैमानिकानं हे विमान पाडलं, याचं नाव तुम्हाला कुठेतरी सापडेल. अंधारात, एकाच वेळी डझनभर विमानं पडत असताना केलेले हे दावे नंतर जुळवलेले असतात. भाषणात ते नाव घेऊ नका, त्यानं काही साधत नाही. दुसरी गोष्ट नातेवाइकांची. पुतणे, भाच्या, नातवंडं सापडू शकतात. पण त्यांचा पत्ता, फोटो, पत्रं त्यांच्या परवानगीशिवाय कुठे टाकू नका. काही घरांत हा विषय अजूनही दुखरा असतो.

आणि हे विमान कुठे चाललं होतं, तेही सांगा. माझ्या मते हे टाळणं बरोबर नाही. जुलै १९४३च्या हल्ल्यांत हॅम्बुर्गमध्ये तीस हजारांहून जास्त माणसं मेली, धरणं फुटल्यावर पुरात हजाराहून अधिक, आणि त्यांत जर्मनीनं सोव्हिएत मुलखातून वेठीला आणलेल्या शेकडो बायका होत्या. तुमच्या मुलीच्या वर्गात जर्मन आजी असलेलं एखादं मूल असेलच. त्या मुलालाही मान खाली न घालता तिथे उभं राहता यावं. वीस-बावीस वर्षांच्या त्या पोरांनी लक्ष्य निवडलं नव्हतं. ते गेले, कारण हिटलरला हरवायचं होतं आणि त्या वर्षी जर्मनीपर्यंत पोचायचा दुसरा मार्ग ब्रिटनकडे फारसा नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच भाषणात मावतात.

मराठी माणसाचा संबंध काय, या प्रश्नावर. रनीमीडच्या त्याच भिंतीवर नूर इनायत खान या भारतीय वंशाच्या ब्रिटिश गुप्तहेर स्त्रीचंही नाव आहे. पुण्यात खडकीला याच कमिशनची दफनभूमी आहे, याच घडणीच्या शिळांची. सुट्टीत आलात की मुलीला तिथे न्या, तिला शिळा लगेच ओळखू येतील. बंगालमधल्या साल्बोनी, डिग्री, धुबालिया अशा तळांवरून ब्रिटिश हवाई दलाची लिबरेटर बॉम्बर विमानं ब्रह्मदेशावर जात, त्यांतले कितीतरी क्रू परतले नाहीत. युद्ध संपल्यावर कानपूरला मागे टाकलेली लिबरेटर आपल्या लोकांनी बंगळूरला नेऊन दुरुस्त करून पुन्हा उडवली, आणि भारतीय हवाई दलाच्या सहाव्या स्क्वाड्रननं ती पुण्याहून १९६८पर्यंत चालवली. अरुणाचलच्या डोंगरात २००६मध्ये सापडलेलं अमेरिकी लिबरेटर जानेवारी १९४४मध्ये कुनमिंगहून आसामातल्या चाबुआला येताना पडलं होतं. त्यात आठ जण होते. तिथे मिळालेले अवशेष २०१६मध्ये दिल्लीतून सन्मानानं मायदेशी गेले. तेव्हा हा विषय आपल्या अंगणाबाहेरचा मुळीच नाही.

भाषण पाच मिनिटांचं करा. सातही नावं वाचा, प्रत्येकाचं वय, गाव आणि विमानातलं काम सांगून. वाचलेले असतील तर त्यांचीही. वर्गातल्या सात मुलांनी एकेक नाव वाचलं तर उत्तमच, फक्त उच्चार आधी पक्के करून घ्या. त्या रात्री विमान कुठून उडालं, कुठे निघालं होतं, कुठे पडलं, एवढं सांगून थांबा.

मग फलकाचं काम हाती घ्या. सातही नावांचा अर्ज नगरपालिकेकडे द्या, सोबत कमिशनच्या नोंदी आणि रोजनिशीच्या पानाची प्रत जोडा. नावांचं स्पेलिंग रोजनिशीत बऱ्याचदा चुकलेलं असतं, म्हणून कमिशनच्या नोंदीतलं धरा, आणि दोन्हींत फरक दिसला तर जन्मनोंद पाहा. बिननावाच्या शिळेबद्दल फलकावर काहीही लिहू नका. ती कोणाची हे ठरवायचा अधिकार कमिशनचा आणि ब्रिटिश संरक्षण खात्याचा आहे, आणि भक्कम पुरावा दिला तर ते प्रकरण पुन्हा उघडतात. त्यासाठी आधी शिळांवर नसलेल्या त्या तिघांची नावं हवीत. चारही नाव असलेल्या शिळांवरचे सर्व्हिस नंबर आणि तारीख मला कळवा, रोजनिशीचं पान कोणत्या फायलीत आहे ते मी शोधून सांगतो.